एल्सपेटची कडी

मी एक जुना गळ आहे. मासे धरायचा गळ, पण साधासुधा नव्हे. सॅल्मन माशाला भुलवण्यासाठी पिसांची जी माशी बांधतात, ती ज्याच्या अंगावर बांधतात तो. माझी दांडी लांब, बाक खोल आणि रंग काळाकुळकुळीत आहे. आणि मित्रांनो, मला नेढं नाही. हल्लीच्या प्रत्येक गळाला दोरी ओवायला डोक्याशी लोखंडाचं गोल नेढं असतं. आमच्या काळी ते नव्हतं, आणि आम्हाला त्याची लाजही नव्हती.

माझा जन्म इंग्लंडातल्या रेडिच गावचा. तिथे सुया आणि गळ शेजारीशेजारी बनत. सुयांना नेढं मिळे, आम्हाला नाही. आधी मी नुसता तारेचा तुकडा होतो. एका कारागिराने कानस मारून मला टोक काढलं. मग एका बाईने सुरी दाबून माझा उलटा दात उचलला. ती दिवसाला असे शेकडो दात काढी आणि एकीकडे शेजारणीला सुनेच्या तक्रारी सांगे. माझा बाक मात्र मूळचा आयर्लंडचा. लिमरिक गावच्या लोहारांनी तो शोधला आणि आमच्या गावाने उचलला. मग मला लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुचकळलं, पुन्हा मंद आचेवर शेकलं, म्हणजे ओढ बसली तर वाकूही नये आणि मोडूही नये. शेवटी काळं रोगण लागलं आणि कागदाच्या पुडीत बारा भावंडांबरोबर मी स्कॉटलंडला, स्पे नदीच्या काठी निघालो.

तिथे एल्सपेटने मला पुडीतून उचललं. तिचा नवरा लॉकलन हा गिली होता. गिली म्हणजे इस्टेटीवर मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांना नदीवर नेणारा, मासा कुठे दडतो ते ठाऊक असलेला माणूस. तो पाहुण्यांना नदी दाखवी आणि एल्सपेट घरी बसून त्यांच्यासाठी माशा बांधी. साऱ्या खोऱ्यात तिच्या बोटांचं नाव होतं.

नेढं नाही तर दोरी बांधायची कशाला, असं तुम्ही विचाराल. रेशमाच्या किड्याच्या पोटातून ओढून काढलेली तात असते, चिवट आणि काचेसारखी आरपार. एल्सपेट तिचे पदर पिळून एक कडी करी आणि ती माझ्या दांडीवर मेणवलेल्या रेशमाने गच्च आवळून बसवी. लोखंडाचं नेढं ताठ असतं, तातेची कडी मऊ असते, त्यामुळे पाण्यात माशी जिवंत असल्यासारखी डोलते. कडी झाली की ती मला खिळ्यावर अडकवी आणि कडीला कपड्यांची जडशीळ इस्त्री टांगून चहा प्यायला बसे. चहा संपेपर्यंत कडीने इस्त्री पेलली तरच गळाला पिसं मिळत. मी पेलली. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला.

पिसं होती तिच्या कोंबड्याची. त्याचं नाव मेजर. त्याच्या शेपटीशेजारची लांब, करडी-तांबूस पिसं अशी की पाण्यात पडली की श्वास घेत. दुसऱ्या नद्यांवर लोक पोपटाबिपटाची रंगीत पिसं वापरत. एल्सपेट म्हणे, "मासा काय लग्नाला निघालाय?" मेजर दारात आला की ती त्याला स्वतःच्या घासातली ओटची भाकरी मोडून घाली. लॉकलन म्हणे, "मला कधी अशी घातलीस?" ती म्हणे, "तुला पिसं आली की घालीन."

तीन वर्षं मी नदीवर काम केलं. अकरा सॅल्मन माझ्यावर निघाले. दर हंगामाआधी एल्सपेट माझी कडी इस्त्रीला लावून पाही, आणि कामावरून आलो की मला पुसून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवी. ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

तातेची एक खोड आहे. कोरडी असेल तर ती ठिसूळ होते आणि तिच्यात गाठ बसत नाही. म्हणून नदीवर निघताना एल्सपेट माझी कडी ओल्या कापडात बांधून देई, आणि दोरीच्या टोकाची तात लॉकलन गालात धरून चाले. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसे. घर ते नदी एवढाच वेळ तो गप्प असे, आणि शेजारी म्हणत, "तात देवाने लॉकलनच्या बायकोसाठीच केली."

चौथ्या वर्षीचा मार्च संपत आला होता. वारा कोरडा आणि बोचरा सुटला होता. बरोबर दरवर्षी येणारे डॉक्टर ऑगिल्वी होते. वाटेत ते म्हणाले, "लॉकलन, ती पुरातल्या मेंढीची गोष्ट सांग ना!"

"अं," लॉकलन म्हणाला.

"अरे, आज मौनव्रत आहे की काय?"

लॉकलनला राहवेना. त्याने तात गालातून काढून टोपीच्या पट्ट्यात खोचली आणि मेंढी पुरात वाहून झाडावर कशी बसली, पाद्रीबाबा तिला उतरवायला चढले आणि मेंढी उतरली पण पाद्रीबाबा कसे अडकले, ते सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टर पोट धरधरून हसत होते. डोहाशी पोचेपर्यंत तात वाऱ्याने खडखडीत वाळली होती. तेवढ्यात समोर एक मोठा मासा उसळला. "लवकर, लवकर!" डॉक्टर ओरडले आणि लॉकलनने तात तशीच माझ्या कडीतून ओवून गाठ मारली.

मासा दुसऱ्याच फेकीला लागला. तीस पौंडांचा तरी असेल. मी त्याच्या जबड्यात घट्ट रुतलो. त्याने डोहाच्या तळाकडे अशी धाव घेतली की काठी कमान होऊन वाकली. कडीवर सारा भार आला आणि तिने तो इस्त्रीसारखाच पेलला. मग मला जाणवलं, गाठ सरकते आहे. एक हिसका बसला आणि तात माझ्या कडीतून सळकन निघून गेली. मी माशाबरोबर खोल पाण्यात गेलो. कडी जिथल्या तिथे, जशीच्या तशी होती.

त्या वेळी काठावर इस्टेटीचे कारभारी मॅकफेलसाहेबही येऊन उभे होते, आणि तिथे काय झालं ते मला पुढे कळलं. गाठ सुटली की तातेचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होऊन येतं. लॉकलनला ते दिसलं. कोणी बघायच्या आत त्याने ते दातांनी तोडून थुंकून टाकलं.

"काय झालं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"कडी तुटली, साहेब," लॉकलन म्हणाला.

"कोणी बांधलेली?"

"बायकोनेच, साहेब."

"मी कधीचा म्हणतोय, ही आतड्यांची भानगड आता पुरे. लोखंडी नेढ्याचे गळ मागवतो. माशासुद्धा शहरातून बांधूनच येतील."

बाराव्या दिवशी तोच मासा वरच्या डोहात पुन्हा गळाला लागला. तो काठावर घेताना लॉकलन गुडघ्यांवर बसला होता आणि त्याला माशाच्या जबड्यात नव्या गळाशेजारी मी दिसलो. माझी कडीही दिसली. डॉक्टर लांबून विचारत होते, "गळ कुठे लागलाय रे?"

"जबड्यात, डॉक्टर, जबड्यात," तो म्हणाला. त्याने मला उपसून काढलं आणि टोपीच्या अस्तरात लपवलं.

मित्रांनो, त्या टोपीत मी नऊ महिने काढले. घरात काय चाललंय ते सगळं मला ऐकू येई. एल्सपेटने आपल्या साऱ्या जुन्या माशा काढल्या आणि एकेक कडी पुन्हा इस्त्रीला लावली. एकही तुटली नाही. तरी तिने त्या सगळ्या उसवल्या.

"अगं, एखाद्या वेळी होतं असं," लॉकलन म्हणाला.

"माझ्याकडून होत नाही. झालं, म्हणजे बोटं गेली माझी. मला कळलंसुद्धा नाही, कधी गेली ती."

पुढे ती मोजे विणतानाही टाके दोनदोनदा तपासू लागली. शेजारणीने शिवायला दिलेला झगा तिने न शिवता परत केला. मी लॉकलनच्या टाळूला टोचत होतो, पण तो टोपी जराशी सरकवी आणि गप्प बसे. मला बोलता येत नाही याचं दुःख मला आयुष्यात तेव्हाच झालं.

नव्या वर्षाचा पहिला दिवस उजाडला. टेबलावर बार्ली आणि कांदापात घातलेला वाफाळता रस्सा आला. लॉकलनने चमचा बुडवला आणि विचारलं, "आज सकाळपासून मेजर आरवला नाही?"

"तुझ्या ताटलीत आहे," एल्सपेट म्हणाली. "पिसं कोणाला हवीत आता? उगाच दाणे खात होता. जेव, गार होईल."

लॉकलनने चमचा खाली ठेवला. मग त्याने टोपी काढली, अस्तर फाडलं आणि मला ताटलीशेजारी ठेवलं.

एल्सपेटने मला ओळखलं. आपलं काम कोण ओळखणार नाही? ती उठली, मला खिळ्याला अडकवलं, कडी पाण्याने भिजवली, मऊ होऊ दिली आणि इस्त्री टांगली. मग तिने चहा केला, आणि नवऱ्यासमोर बसून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कडीने इस्त्री पेलली. मित्रांनो, एवढा जोर मी तीस पौंडी माशापुढेही लावला नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"एप्रिलपासून. गाठ माझीच सुटली होती. तात कोरडी होती."

"आणि मी म्हणत होते, हा टोपी घालून का जेवतो! मला वाटलं टक्कल लपवतोय." ती हसली, आणि हसता हसताच पदराएवढ्या एप्रनमध्ये तोंड घालून रडली. लॉकलन तिच्या खांद्याला हात लावायला गेला तर तिने तो झटकला. "मला कशाला सांगतोस? ज्यांच्यासमोर माझं नाव घेतलंस, त्यांच्यासमोर जाऊन सांग."

फेब्रुवारीत मासेमारीसाठी नदी उघडते त्या दिवशी सगळे गिली काठावर जमतात आणि पहिला पेला नदीला वाहतात. त्या वर्षी एल्सपेटही आली. व्हिस्की पाण्यात पडली आणि लॉकलनने टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. मेंढीची गोष्ट, कोरडी तात, कुरळं टोक, सगळं. कोणी हसलं नाही. डॉक्टर ऑगिल्वी मान खाली घालून म्हणाले, "गोष्ट सांग म्हणून मागे मीच लागलो होतो."

मॅकफेलसाहेब जरा अवघडले. "बरं, झालं गेलं. आता लोखंडी नेढी आली आहेत, म्हणजे हा प्रश्नच उरला नाही."

"उरला नाही कसा, साहेब?" एल्सपेट म्हणाली. "लोखंडाच्या नेढ्याला गाठ मारणार तो माणूसच ना?"

त्यावर सगळे गिली हसले, लॉकलन सोडून. तिने कारभाऱ्यांच्या हातातला एक लोखंडी नेढ्याचा गळ घेतला, उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "वाईट नाही. दांडी जरा जाड आहे. बघते."

ती पुन्हा माशा बांधू लागली, त्या नव्या गळांवर. तातेची कडी तिने परत कधी केली नाही. मेजरसारखी पिसं मिळायला मात्र दोन वर्षं गेली, कारण कोंबड्याला तेवढं वाढावंच लागतं. त्या दोन वर्षांत नव्या पिल्लांना रोज पहाटे दाणे घालायचं काम लॉकलनकडे होतं, आणि ते तो तोंड मिटून करी.

आता मी एका काचेच्या पेटीत आहे. लोक वाकून बघतात आणि म्हणतात, "या कड्या तुटायच्या, म्हणून हे गळ गेले." पुष्कळांच्या तुटल्या, हे खरं आहे. तात कुजते, आणि लोखंड बरं, हे मीही मान्य करतो. पण माझी तुटली नाही. मित्रांनो, आपली चूक दुसऱ्याच्या हातांवर ढकलू नका. त्या हातांना ती खरी वाटू लागते.

आणि कधी आलात, तर काचेवरची धूळ तेवढी पुसा. इस्त्री टांगू नका. माझी तात आता पार वाळली आहे, आणि एल्सपेटने बांधलेली ही एकच कडी उरली आहे.