चारही ठिकाणी तेच

बाबांना कामाला लावलं मीच. चार साइटवरचे हॉटेलांचे अभिप्राय एकत्र दाखवणारं ॲप मी बनवत होतो आणि तपासायला खरा मजकूर हवा होता. दर गुरुवारी घराखालच्या हॉटेलात जेवा, चारही साइटवर तेच लिहा, एक अक्षर बदलू नका, असं सांगून मी मोकळा झालो. बाबा सरळमार्गी, सांगितलं की केलंच.

पुढे मीच चाळणी घातली. एकच मजकूर चार ठिकाणी दिसला की खोटा समजायचा आणि कचऱ्यात टाकायचा. स्वतःला फार शहाणा समजत होतो. बाबांना थांबवायचं तेवढं राहून गेलं.

मग बाबाच गेले. पाच महिन्यांनी ॲप लोकांसाठी खुलं करायची वेळ आली, तेव्हा भागीदार म्हणाला, कचरा आजच कायमचा पुसून टाक. पुसण्याआधी सहज उघडला, तर आत बाबा. 'सूप गरम. वेटर हसरा. चिरंजीवांना एकदा आणायचं आहे.' पुढच्या गुरुवारी, 'सूप बरं. चिरंजीव कामात.' वर्षभराचे गुरुवार होते आणि त्यातलं एक अक्षर मी वाचलेलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

नंतर तारखा पाहिल्या. शेवटचा अभिप्राय मागच्याच आठवड्यातला होता. 'सूप गरम. समोरची खुर्ची रिकामी.'

त्या दिवशी गुरुवारच होता. काहीही न पुसता मी उठलो आणि तडक ते हॉटेल गाठलं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बाबांचा करडा स्वेटर पाठमोरा बसला होता. मान खाली, एका बोटाने फोनवर टाइप करणं चाललेलं. माझ्या तोंडून "बाबा" निघून गेलं.

वळली ती आई होती. हातात बाबांचा फोन.

"बस. दोन झाल्यात, दोन राहिल्यात," ती म्हणाली.

मी विचारलं, हे कशाला.

"तूच सांगितलं होतंस ना त्यांना. थांबा असं काही म्हणाला नव्हतास." मग म्हणाली, "पोचतं ना रे तुझ्यापर्यंत?"

"पोचतं," मी म्हणालो आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

आईचा चेहरा उजळला. तिने सूपची वाटी माझ्याकडे सरकवली आणि तिसरी साइट उघडून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. सूप गरम. समोरची खुर्ची रिकामी.

"अगं, मी आलोय," मी म्हणालो.

"दिसतंय की," ती मान वर न करता म्हणाली. "पण चारही ठिकाणी तेच हवं ना."