चहा न सांडणारी होडी

हलीमने चाक झटक्यात पूर्ण फिरवलं. होडी वाऱ्याकडे वळली, अर्ध्यातच थबकली आणि पुढचं शीड नुसतं फडफडत राहिलं. मग ती हळूहळू मागे घसरू लागली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"बसली म्हैस चिखलात," तो पुटपुटला.

"म्हशीला आधी वेग द्या, पाक हलीम," वडीलधाऱ्यांना लावतात तो 'पाक' लावून नोरिझान म्हणाली. "आणि चाक सावकाश. ही हलकी आहे, तुमच्या जुन्या होडीसारखी वजनाच्या जोरावर पुढे सरकत नाही."

"होडी वळवायला तुला कोणी शिकवलं गं?"

"तुम्हीच. पण ती एका पोटाची होती, ही दोन पोटांची."

लंकावीच्या बेटांमधून तीस वर्षं त्याने पाहुणे फिरवले होते. आता मालकाने एका पोटाच्या सगळ्या होड्या विकून पाण्यात दोन पोटं टेकणाऱ्या कॅटामरान आणल्या होत्या. आज परीक्षेच्या कागदावर नोरिझानची सही मिळाली नाही, तर सोमवारपासून धक्क्यावर पाइप धरून दुसऱ्यांच्या होड्या धुवायच्या.

चौथ्या खेपेला होडी वळली. नोरिझानने कागद मांडीवर घेतला.

"आता परीक्षा. यापुढे मी काही सांगणार नाही."

"देवाची कृपा."

त्याने टेबलावर चहाचा ग्लास ठेवला. जुन्या होडीवरही तो असाच ठेवत असे. होडी कलली की चहा एका बाजूला चढायचा. काठाला लागला की शीड कमी करायचं. तिथलं वारा मोजायचं यंत्र अकरा वर्षं बंद होतं, त्याने कधी दुरुस्त केलं नाही. नोरिझाननेही त्याच्या हाताखाली पहिल्या वर्षी तो ग्लास बघूनच वारा ओळखला होता.

बेटाचा आडोसा संपला. नव्या होडीच्या यंत्रावर वाऱ्याचे सतरा नॉट आले, मग एकोणीस. हलीमने चाकावरची पकड घट्ट केली, सैल केली. हाताला काहीच कळत नव्हतं. जुनी होडी वाऱ्याखाली झुकायची, चाक ओढायची, भांडायची. ही जमिनीवर ठेवल्यासारखी सपाट पळत होती. ग्लासातला चहा जिथल्या तिथे होता.

"बघ, थेंब सांडला नाही," तो म्हणाला.

नोरिझानचं लक्ष ग्लासाकडे नव्हतं. ती डोलकाठीच्या तारांकडे बघत होती. वाऱ्याकडची तार ताणून गुणगुणू लागली होती, दुसरीकडची ढिली लोंबत होती. होडी कलत नाही म्हणून वाऱ्याचा जोर नाहीसा होत नाही. तो सगळा त्या एका तारेवर येतो. बावीस. विसाला शीड कमी करायचं, हे कागदावर पहिल्याच ओळीत होतं.

ती उठली. ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि आत ठेवून आली.

हलीमची नजर सवयीने टेबलाकडे गेली. तिथे काही नव्हतं. नजर इकडेतिकडे फिरली, वर गेली आणि यंत्राच्या आकड्यावर थांबली. तेवीस.

"शीड कमी करतोय!" तो ओरडला.

पुढच्या बेटाच्या आडोशाला त्यांनी नांगर टाकला. नोरिझान खाली मान घालून खुणा करत होती.

"चहा कसा होता?" हलीमने विचारलं.

"बरा होता."

"चार चमचे आटवलेलं गोड दूध होतं त्यात. तुझ्या रक्तात साखर निघाल्यापासून तू माझ्याकडचं पाणीसुद्धा वास घेऊन पितेस."

पेन थांबलं.

"तहान लागली होती."

"सोमवारी आठ पाहुणे असतील. तेव्हा माझा चहा कोण पिणार?"

तिने पेन खाली ठेवलं. त्याने कागद तिच्या मांडीवरून काढला, घडी करून तिच्याच हातात दिला. मग आत जाऊन ग्लास धुतला, पुसला, फळीवर उपडा ठेवला.

बाहेर येऊन त्याने नांगर वर घ्यायचं बटण दाबलं. साखळी खडखडू लागली. त्याने मान वर करून यंत्र पाहिलं.

"चौदा," तो मोठ्याने म्हणाला.

नोरिझानने परीक्षेचा नवा, कोरा कागद काढला.