रामजन्माआधीचा खडा

या, असे पुढे सरकून बसा. घोडपदेवच्या लवूबुवांची एक गोष्ट सांगतो. तोंडाला पाणी सुटेल, आणि गोष्टही त्या पाण्याचीच आहे.

चाळीच्या देवळात रामजन्माचं कीर्तन दरवर्षी लवूबुवांचंच. गळ्यासाठी पाडव्यापासून नवमीपर्यंत आंबटाला शिवायचं नाही, असा त्यांचा नेम. यंदा सप्तमीला पानावर बसले, पहिला घास घेतला आणि उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ टरारून आली. कळ अशी की घास फिरवता येईना. तासाभरात ओसरली, पुढच्या जेवणाला पुन्हा हजर.

"दाढ असेल," बुवा म्हणाले.

"गप रवा," म्हणत बायको लक्ष्मीने त्यांना भायखळ्याला फ्लॅविया डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपलं, सोनोग्राफी करवली. "लाळेच्या नळीत खडा अडकलाय, बुवा. तांदळाच्या दाण्याएवढा. जेवताना लाळ सुटते, वाट बंद, म्हणून सूज."

"परवा कीर्तन आहे हो. कापणार?"

"अगदी तोंडाशी आलाय. पाणी भरपूर प्या, शेक द्या, गाठ मागून पुढे चोळा आणि लिंबू चोखा. नाहीच निघाला तर सोमवारी आतून बारीक चीर देऊ. ताप आला तर मात्र लगेच या."

"लिंबू सोडून सगळं करीन. नेम आहे."

"ईस्टरआधी आम्हीही मटण सोडतो. पण आजाऱ्याला फादर सूट देतात. तुमचा राम फादरपेक्षा कडक आहे का?"

बुवा हसले, पण नेम सोडला नाही. दोन दिवस नुसतं पाणी, शेक आणि चोळणं.

नवमी उजाडली. पूर्वरंग कसाबसा झाला. तेवढ्यात सुंठवड्याचा वास आला आणि गाठ फुगली. बाराला वीस मिनिटं कमी. बुक्का लावताना बुवांना तोंड उघडेना. आता पाळणा कोण म्हणणार?

लक्ष्मी गाभाऱ्यातून आली. हातात अर्धं लिंबू.

"रामाच्या पायावरून आणलंय. प्रसादाला नको म्हणतात होय?"

बुवांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं आणि लिंबू तोंडात धरलं. डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याने गाठ पुढे रेटली, पुन्हा रेटली. आणि जिभेवर काहीतरी कचकन लागलं. रुमालात पाहतात तो पिवळट खडा! कळ ओहोटीच्या पाण्यासारखी मागे हटली.

बारा वाजले. झांजा कडाडल्या आणि बुवांनी पाळणा असा उचलला की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी धावली.

तर मंडळी, पानात लिंबू पिळाल तेव्हा रामाचं नाव घ्यालच. सोबत त्या फ्लॅविया डॉक्टरांचीही आठवण काढा.