कडेबाहेरची शाळा

मी मास्क आहे. तोंडावर बांधायचा नव्हे, तो बिचारा निदान धुतला तरी जातो. मी नकाशाच्या सॉफ्टवेअरमधला मास्क. नऊ वर्षं एकाच ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये काढली, आणि तेवढ्या काळात माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं राहिलेलं नाही. का, ते सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या, कारण ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनीही ते समजून घेतलेलं नाही. जमिनीचा नकाशा बारीक बारीक चौकोनांत कापलेला असतो. प्रत्येक चौकोनात एक आकडा. इथली उंची एवढी, इथला उतार एवढा. कॉम्प्युटर एकेका चौकोनावर गणित करत जातो. सगळ्या मुलखाचं गणित करायला फार वेळ लागतो, म्हणून मला लावतात. मी ज्या चौकोनांवर आहे तेवढ्यांचंच गणित होतं. माझ्या कडेबाहेर उत्तरच येत नाही. म्हणजे तिथं शून्य आहे असं नाही, सगळं ठीक आहे असंही नाही. तिथलं कोणी विचारलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. एवढी साधी गोष्ट, पण त्या ऑफिसात ती कोणाच्या डोक्यात शिरली नाही.

मला घडवणारा माणूस तसा शहाणा होता. त्याने शहराची हद्द घेतली आणि माऊसने कोपरा न् कोपरा तपासला. हद्द नदीच्या मधोमध जाते, तर त्या वळणांपायी त्याने दोन दिवस घालवले. मग मला नाव दिलं, 'शहर हद्द', आणि शेजारी टीप लिहिली, 'फक्त शहराच्या कामासाठी. काम झालं की सेटिंगमधून काढणे.' पुढे त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली आणि तो गेला. ती टीप त्यानंतर कोणी उघडूनही पाहिली नाही.

या ऑफिसची एक रीत आहे. नवं काम आलं की नवी फाइल करायची नाही. जुनी कॉपी करायची, नाव बदलायचं आणि चहाला जायचं. फाइलबरोबर सेटिंग येतं आणि सेटिंगबरोबर मी. अशा अकरा फाइलींत मी फुकट फिरलो. ती सगळी कामं शहराचीच निघाली, म्हणून कोणाच्या अंगाशी आलं नाही. हे लोक त्याला आपला अनुभव म्हणत होते.

बारावं काम नदीपलीकडचं होतं. तिथल्या वस्तीला शाळा हवी होती, कारण पोरांना पूल ओलांडून पाऊण तास चालावं लागतं. पुराचा धोका कुठं कमी आहे ते नकाशावर काढा आणि जागा ठरवा, असं वरून पत्र आलं. काम नकाशे करणाऱ्या मॅडमकडे गेलं. मॅडम हुशार आहेत, पण हुशारीपेक्षा घाई जास्त. त्यांनी कॉपी केलं, नाव बदललं आणि रन दाबलं.

शहराचा भाग रंगला. गडद निळा म्हणजे जास्त धोका, फिकट हिरवा म्हणजे कमी. नदीच्या मध्यावर माझी कड आली आणि तिथं सगळे रंग सुरीने कापल्यासारखे थांबले. पलीकडचा काठ कोराच. आता पूर काय हद्द विचारून चढतो? कोणालाही शंका यावी. पण शंका यायला आधी बघावं लागतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले, "हे पलीकडे पांढरं का?"

"तिथं काही आलं नाही, सर."

"आलं नाही म्हणजे धोका नाही. पण पांढरं भकास दिसतंय हो. काहीतरी हलकासा रंग भरा. वर पाठवायचंय."

मॅडमनी कोऱ्या भागात फिकट हिरवा भरला. नकाशाच्या कोपऱ्यातल्या रंगसूचीत 'कमी धोका' लिहिलं होतं, त्याच्या शेजारचाच हिरवा. एका क्लिकमध्ये अख्खा काठ सुरक्षित झाला, आणि ही कर्तबगारी दोघांपैकी एकालाही कळली नाही. मग साहेबांनी नदीलगतच्या एका जागेवर बोट ठेवलं. सपाट आहे, रिकामी आहे, नकाशात हिरवी आहे, मग आणखी काय पाहिजे? एवढी सपाट जागा इतकी वर्षं रिकामी का पडली, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. मॅडमनी तिथं शाळेची खूण टाकली, नकाशा छापला आणि गुंडाळून ठेवला.

तो न्यायला मामा आले. मामा ऑफिसची जीप चालवतात. त्यांचं घर पलीकडच्याच वस्तीत, नात यंदा पहिलीत जाणार. गुंडाळी उचलताना त्यांची नजर पडद्यावर गेली.

"मॅडम, ही खूण कसली?"

"शाळेची जागा, मामा. तुमच्या नातीला आता दाराशी शाळा."

मामा वाकून बघत राहिले. "इथं तर दरवर्षी कमरेएवढं पाणी येतं. आम्ही गुरंसुद्धा बांधत नाही तिकडं."

"नकाशात धोका दिसत नाहीये ना पण."

"नकाशा काढला कोणी?"

"कॉम्प्युटरने."

"तो कधी आला होता तिकडं?"

साहेब आपल्या टेबलावरूनच बोलले, "मामा, ऑफिस आम्ही चालवतो. तुम्ही जीप चालवा."

मामांनी गुंडाळी परत टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "हा कागद मी नाही नेणार, साहेब. माझी नात बसणार आहे त्या वर्गात. नोकरीवरून काढायचं तर काढा." आणि दाराशी जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांत त्या खोलीत मला पहिल्यांदा कोणाबद्दल आदर वाटला.

साहेब धुसफुसत राहिले. मॅडमनी मात्र सेटिंग उघडलं. एकेक ओळ वाचत खाली आल्या आणि मी सापडलो. मग त्यांनी ती टीप उघडली. 'फक्त शहराच्या कामासाठी.' त्यांनी कपाळाला हात लावला. मग मला काढलं आणि पुन्हा रन दाबलं. चाळीस मिनिटं लागली. एवढीच चाळीस मिनिटं वाचवायला मला आजवर बाळगलं होतं.

पलीकडचा काठ निळा होत गेला. शाळेच्या खुणेखाली तर सगळ्यांत गडद.

"हे आधी का नाही आलं?" साहेब म्हणाले.

"मास्क राहिला होता, सर."

"म्हणजे मास्कची चूक. पत्रात तांत्रिक कारण म्हणून लिहा."

खापर माझ्या डोक्यावर. मी एक गप्प पडलेला आकार. मला कोणी लावलं, कोणी काढलं नाही, कोणी हिरवा रंग फासला, ते सगळे राहिले बाजूला. असो. शाळेची खूण वरच्या टेकाडावर गेली, तिथं खरोखरचा हिरवा आहे. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

नवा नकाशा छापून आला. मामांनी तो टेबलावर पसरला, टेकाडापासून बोट खाली नदीकडे आणत एका ठिकाणी थांबवलं.

"आणि हे माझं घर."

बोटाखाली गडद निळं होतं. आजूबाजूची साठ-सत्तर घरं, तीही गडद निळीच.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, हे काम शाळेच्या जागेपुरतं होतं."

"मग घरांचं?"

"त्याचं पत्र आलं की बघू," साहेब म्हणाले आणि जेवणाचा डबा उघडला.

मामांनी गुंडाळी काखेत घेतली आणि ते जीप काढायला गेले.

त्याच दुपारी मॅडमनी नवी फाइल उघडली. कॉपी न करता, कोरी. तिचं नाव ठेवलं 'पलीकडची घरं' आणि सेटिंगमध्ये मास्कची ओळ रिकामी सोडली. त्यांनी घर न् घर मोजलं, नकाशा छापला, साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथंच आहे. त्यावर साहेब चहाचा कप ठेवतात. मामा रोज सकाळी किल्ली घ्यायला येतात आणि विचारतात, "पत्र आलं?" साहेब मान हलवतात, नाही.

मी आता एका जुन्या फोल्डरमध्ये पडलोय. माझ्या नावापुढे 'वापरू नये' असं जोडलंय, आणि तरीही कोणीतरी मला कॉपी करणार, याबद्दल मला शंका नाही. माझी काही हरकत नाही, लावा मला, पण कामापुरतं, आणि काम झालं की काढा. माझी कड निदान सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. साहेबांची कुठून काढायची, ते मला सापडलेलं नाही.

पावसाला अजून सात आठवडे आहेत. मी मोजतोय, कारण त्या खोलीत दुसरं कोणी मोजत नाही. मामा तेवढे मोजतात, पण ते फक्त जीप चालवतात.