विचारून घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या गळ्यात लोंबकळत असते. नवी होते तेव्हा पिवळीजर्द होते. आता सुरुवातीचे आकडे बोटं लागून पुसलेत, टोकाची पत्र्याची पट्टी सैल झाली आहे. त्याचं मला काही नाही. मी चिडले आहे ती वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती सांगितल्याशिवाय गप्प गुंडाळून बसणार नाही.

मी किती अंगांभोवती फिरले. जाड, काटकुळी, पाठीत वाकलेली, एक खांदा उतरलेली. प्रत्येकाचं माप घेतलं, पण कोणाला पास-नापास केलं नाही. कापड त्या माणसाला नीट बसावं, एवढंच माझं काम. आणि ताईंचा शिरस्ता असा, की नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "माप घेऊ ना?" समोरच्याने मान हलवल्याशिवाय मी गळ्यातून खाली उतरत नाही.

ताई चाळिशीच्या, एकट्या. संध्याकाळी चार शब्द बोलायला कोणी असावं, म्हणून भाचीने त्यांच्या फोनमध्ये जोडीदार शोधायचं अ‍ॅप घालून दिलं. ताईंनी मशीनवर बसून हसतानाचा फोटो टाकला. अ‍ॅपने लगेच निकाल लावला. दिसणं, दहापैकी चार. तेही फोटोखाली, साऱ्या जगाला दिसेल असं. वर सल्ला, कंबर दिसेल असा फोटो टाका.

"दहापैकी चार?" दुकानात काजं-बटणं करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "तू परीक्षेला बसलीस कधी गं?"

ताई हसल्या. पण मावशी जेवायला गेल्यावर त्यांनी आरशासमोर मला स्वतःच्याच कंबरेभोवती आवळलं. पार रुतेपर्यंत. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कोणाभोवती आवळलं नव्हतं. मग आपला निळा ड्रेस इतका आत घेतला, की हात वर केला तर काखेतले टाके कुरकुरायचे. नवा फोटो गेला. चाराचे सहा झाले.

आणि निरोपांचा नुसता चिखल. ना ओळख ना पाळख. एकाने तर नमस्कारही न करता लिहिलं, "तुझं माप काय?" ताईंनी उत्तर दिलं नाही, तर वर म्हणतो, "सहावाली असून भाव खातेस?"

माप. मित्रांनो, हा माझा शब्द. इतका स्वच्छ शब्द त्याने गटारात बुडवून आणला.

अ‍ॅप आसपासचीच माणसं दाखवतं. परवा तोच माणूस दुकानात आला. त्याने ताईंना ओळखलं नाही. फोटोत चेहरा पाहिला असेल तर ओळखणार ना? ताईंनी मात्र त्याला बरोबर ओळखलं.

"शर्ट शिवायचाय. फोटोत बारीक दिसलो पाहिजे," तो म्हणाला आणि पोट आत ओढून उभा राहिला.

"पोट सोडा."

"असंच घ्या ना."

"शर्ट घालून श्वास घेणार की नाही?" मावशींनी विचारलं.

त्याने पोट सोडलं. कान लाल झाले होते. ताईंनी मला गळ्यातून काढलं आणि थांबल्या.

"माप घेऊ ना?"

"घ्या की. त्यात विचारायचं काय?"

"मी विचारते. तुम्ही विचारलं नव्हतं." ताईंनी फोन त्याच्यापुढे धरला. त्याचाच फोटो, त्याचेच शब्द.

तो घाईघाईने म्हणाला, "मस्करी होती हो ताई."

"आता ताई झाली होय," मावशी म्हणाल्या.

"मस्करीत दोघं हसतात," ताई म्हणाल्या. "आता बोला, माप घेऊ?"

तो शर्टाचं कापड तिथेच टाकून चालता झाला.

मित्रांनो, ताईंना जोडीदार मिळाला असं गोड खोटं मी सांगणार नाही. मी जीर्ण झाले की मला खुशाल फेकून द्या. पण तुमच्या हाती फोन येईल तेव्हा कोणाच्या चेहऱ्याला गुण देत बसू नका. कोणी विचारलेलं नसताना कोणाच्या अंगावर बोलू नका. आणि तुम्हाला कोणी दहापैकी चार दिले, तर मला तुमच्याभोवती आवळू नका. मी त्यासाठी जन्माला आलेले नाही.

तो गेल्यावर ताईंनी निळा ड्रेस बाहेर काढला आणि काखेपासून कंबरेपर्यंतची शिवण उसवली. आत दुमडलेलं कापड शाबूत होतं, त्यांनी ते कापलं नव्हतं. जुन्याच खुणेवर नवी टीप मारली, ड्रेस घातला आणि हात वर करून फळीवरचा सर्वांत वरचा गठ्ठा काढला.

एकही टाका कुरकुरला नाही.