मावशीचा व्हर्नियर आणि दोन कॉलेजं

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर आहे. लोखंडी वस्तूची जाडी जबड्यात धरून मोजणारा. माझी मालकीण लेथवर काम करणारी टर्नर. वीस वर्षं मी तिच्या खिशात राहिलो. "माझा हा कधी खोटं बोलत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. मग एकदा कोणाच्या तरी कोपराने मी फरशीवर आपटलो. तेव्हापासून जबडे मिटले तरी माझं शून्य शून्यावर येत नाही, थोडं पुढेच राहतं.

तिच्या भाचीला मेकॅनिकलला जायचं होतं. वडिलांनी तिला माझ्याच जातीचा, पण डिजिटल कॅलिपर आणला. आकडा सरळ काचेवर! घरभर त्याचंच कौतुक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कॉलेजं बघायला मावशी-भाची निघाल्या तेव्हा पिशवीत आम्ही दोघे शेजारीशेजारी होतो. पहिल्या कॉलेजात काचेमागे चकचकीत यंत्रं होती. माहिती देणारा म्हणाला, "हात लावायचा तो दुसऱ्या वर्षापासून." भाचीने पुढे केलेला हात मागे घेतला.

दुसरं कॉलेज लहान. वर्कशॉपच्या फरशीवर तेलाचे डाग. तिथल्या मास्तरांनी तिच्या हातात एक सळई दिली. "मोज बघू."

तिने आधी त्या डिजिटललाच काढलं. २४.९८ मिलिमीटर. चुकू दे मेला, असं मी मनोमन म्हणत होतो.

"आता त्या जुन्याने," पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे बघत मास्तर म्हणाले.

"२५.०८," ती म्हणाली. मी शरमेने गार झालो. पण ती थांबली नव्हती. "याचं शून्य दहा शतांश पुढे आहे. तेवढं वजा केलं की २४.९८."

"हे कोणी शिकवलं?"

"मावशीने."

मास्तरांनी दाराशी उभ्या मावशीला हात जोडले. "बाई, निम्मं शिक्षण तुम्ही घरीच उरकलंत."

भाचीने तेच कॉलेज निवडलं. पण जाताना नेलं त्या डिजिटललाच. मला मावशीच्या हातात देत म्हणाली, "हा तुझ्याकडेच राहू दे."

मावशी मला पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "खरं सांगू? मलाही जायचं होतं गं. तू त्या वर्कशॉपात शिरलीस आणि मी दारात उभी राहून जळत होते."

भाची हसली नाही. तिने बॅग खाली ठेवली. "मग दर सुट्टीत माझी वही आणते. तू बस शिकायला. फी म्हणून चहा कर."

"चहा तूच कर, मास्तरीण बाई," मावशी म्हणाली आणि डोळे पुसले.

मित्रांनो, अवजारं पुसून ठेवा, आपटू नका, मोजण्याआधी शून्य बघा. आणि कोणाचा हेवा वाटलाच, तर बोलून मोकळे व्हा. मावशी त्या दिवशी मोकळी झाली. मला बोलता येत नाही, म्हणून मी अजून जळतोच आहे.