मुरबाडची सोयरीक

जमादाराने काठी आडवी धरली तेव्हा सुंदराचा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता.

"बाई, खाली उतरा."

आत बसलेला तिचा भाऊ अनंता अर्धवट उठला. मुरबाडकडे जाणारी मोटार दिवसातून एकदाच सुटायची आणि ड्रायव्हरने हँडल मारून ती केव्हाची सुरू करून ठेवली होती. शहापूरच्या मोटारतळावरचे लोक माना वळवून बघू लागले.

"काय झालं, जमादार? माझी आय लई आजारी हाय. भाऊ न्यायला आलाय."

"ते खरं. पण परदेशी माणसाला विचारल्याशिवाय तालुका सोडता येत नाही. लढाईचा हुकूम आहे."

सुंदराला हसू आलं. जमादार नवऱ्याबद्दल बोलतोय असं तिला वाटलं.

"ते कुठं येतात? ते दुकानात हायत. मी एकलीच चालले."

"तुमच्याबद्दलच बोलतोय. नवरा इराणी म्हणजे बायकोही इराणी. कचेरीत दोघांची नावं लागली आहेत."

"मी इराणी? मी मुरबाडच्या सरळगावकडची हाय, जमादार. माझा बाप, आजा त्याच मातीत गेले."

"मला माहीत आहे हो. पण मला कोण विचारतंय?"

जमादार वाईट माणूस नव्हता. रोज सकाळी तो त्यांच्याच दुकानात चहा प्यायचा, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. तिने पाय खाली घेतला. अनंताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाय, मी आयला काय सांगू?"

तिला काही सुचायच्या आत मोटार हलली.

त्यांचं चहाचं दुकान आग्रा रोडला लागूनच होतं. नवऱ्याला सगळं गाव इराणी शेट म्हणायचं. शेट कसला, स्वतःच कपबशा विसळणारा माणूस. बाजाराला भाजी घेऊन येणारी ही कुणब्याची पोर आणि तो, दोघांनी आठ वर्षांपूर्वी ठाण्याला जाऊन साहेबापुढे सह्या-अंगठे करून लग्न केलं. त्या दिवशी सुंदराच्या आईने, बाईजाने, लेकीच्या नावाने अंघोळ केली आणि तिला मेली म्हणून सोडून दिलं. पुढे ना निरोप, ना भाऊबीज. आता म्हातारीने अंथरूण धरलं होतं आणि पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढला होता, "सुंदरीला आणा."

तो नेमका आत्ताच काढावा? शेटने इथली प्रजा होण्यासाठी सरकारात अर्ज केला होता. त्यासाठी मागच्या आठ वर्षांतली पाच इथे काढलेली हवीत, इथली एखादी भाषा यायला हवी, वागणूक चांगली हवी आणि पुढेही इथेच राहायचा इरादा हवा. राहून तर त्याला खूप वर्षं झाली होती, आणि भाषेचं म्हणाल तर तो दूधवाल्याशी मराठीत भांडून जिंकत असे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग श्रावण संपता संपता इंग्रजांची फौज इराणात शिरली आणि कचेरीतल्या लोकांची त्याच्याकडे बघायची नजरच फिरली.

त्याच दुपारी शेट कचेरीत जाऊन आला. कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "परवानगी ठाण्याहून येते. महिना धरा."

"म्हातारी महिना काढायची नाय, भाऊसाहेब."

"मग न विचारता पाठवा बायकोला. अर्ज तिथेच बाद होईल. पुढे तुम्हांला कुठल्या छावणीत नेऊन डांबतील ते मला विचारू नका." मग त्याने आवाज जरा खाली आणला. "बाजाराच्या दिवशी फौजदारसाहेब चौकशीला येतायत. बाईंना घरात ठेवा. आणि सोयरे कोणी असतील तर त्यांना बोलावून घ्या. शेजाऱ्यांचं साहेब धरत नाहीत. म्हणतात, फुकट चहा प्यायलेला माणूस चांगलंच बोलणार."

सोयरे! शेटने घरी येऊन तो शब्द बायकोला सांगितलासुद्धा नाही.

"तू जा," तो एवढंच म्हणाला. "किन्हवलीवरनं रानातनं जा. मी सांगतो, तापानं पडलीय."

"आन् फौजदार आत बघायला आला तर?"

तो आधीच स्वच्छ असलेला ग्लास पुन्हा पुसू लागला. "तर काय व्हायचं ते होईल."

"व्हईल ते तुमचं व्हईल. छावणीत तुमाला नेतील. आन् मी हितं कोणाच्या तोंडाकडं बघू?" तिने हातातलं गाठोडं खाली टाकलं. "तुमचा मुलूख तुमी आपल्या पायानं सोडलात. माझा तर चुलीपुढं बसल्या बसल्या गेला. मला कोणी इचारलं पण नाय."

शेटने ग्लास फळीवर ठेवला.

सुंदरा गेली नाही. गाठोडं मात्र तिने सोडलं नाही; ते दाराआड तसंच पडून राहिलं. तिला नवऱ्याचा राग येत होता, आईचाही येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. मुरबाडची मोटार आली की ती पदराला हात पुशीत बाहेर यायची, उतरणारी माणसं बघायची आणि आत जायची. आई गेली असेल तर तिला कोणी कळवलं तरी असतं का, याचीही तिला खात्री नव्हती. रात्री भाकरी वाढताना दोघांत मीठ-पाण्यापलीकडे बोलणं होत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी फौजदार आला. ठाण्याकडचा, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस. दुकानातली गिऱ्हाइकं त्याने बाहेर घालवली, टेबलावर कागद पसरले आणि दौत उघडून ठेवली. जमादार दाराशी उभा राहिला. सुंदरा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"पाहुणे, सोयरे कोणी या मुलखात?"

"हायत," शेट म्हणाला. "मुरबाड तालुक्यात. हिचं माहेर."

"येणंजाणं आहे?"

खोटं बोलायला हीच वेळ होती आणि नेमकं तेव्हाच ते त्याला जमेना.

"म्हणजे नाही," फौजदार म्हणाला. "उद्या लढाई संपली आणि तुम्ही बायकोला टाकून निघून गेलात, तर तुम्हांला धरायला इथे कोण आहे? इरादा तोंडाने सगळेच सांगतात."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. किन्हवलीच्या रस्त्याने डोली येत होती. बाजारातली माणसं बाजूला सरून वाट देत होती. पुढच्या भोयाशेजारी अनंता चालत होता, त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. डोलीवर घोंगडी घट्ट पांघरली होती आणि आतलं काहीच दिसत नव्हतं. सुंदरा चौकट सोडून पुढे आली. दवाखाना पुढच्या आळीला होता, पण डोली तिकडे वळली नाही. ती दुकानापाशी येऊन थांबली आणि घोंगडीखालून खोकल्याचा आवाज आला.

"ऐकंनाच," अनंता धापा टाकत म्हणाला. "म्हनली, तिला येऊ देत नायत तर मला उचला."

बाईजाला आत आणून बाकावर निजवलं. तिचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं; नुसती हाडं आणि डोळे. सुंदरा तिच्या पायांशी बसली आणि तिला रडूही येईना.

फौजदार उठून गेला असता तर कोणी त्याला अडवलं नसतं. पण तो कामाचा माणूस होता. तो टाक-दौत घेऊन, खुर्ची ओढून बाकाजवळ आला.

"आजी, ही तुमची कोण?"

बाईजा लेकीकडे बघत राहिली. अनंताने मान खाली घातली.

"लेक हाय माझी."

"आणि हे?"

म्हातारीने मान वळवली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघत होती. गोरा, पिकत चाललेल्या मिशांचा, कमरेला ओला पंचा गुंडाळलेला माणूस.

"जावय."

"नाव काय जावयाचं?"

बाईजाचे ओठ हलले आणि थांबले. सुंदराच्या ध्यानात आलं. आईला नाव ठाऊकच नव्हतं. त्या घरात कोणी ते उच्चारलंच नसेल. अनंताने तोंड उघडलं, तसा फौजदाराने हात वर केला.

"कोणी सांगायचं नाही. मी आजींना विचारतोय."

बाहेर बाजार चालू होता. जमादार खांबाकडे बघत राहिला. फौजदाराने टाक खाली ठेवला.

"आठ वर्षं झाली, आजी. सासूला जावयाचं नाव माहीत नाही?"

"नाय माहीत," बाईजा म्हणाली. तिला धाप लागत होती, पण शब्द स्वच्छ होते. "मी इचारलंच नाय कधी. त्यात त्याचा काय दोष? दोष माझा हाय, सायेब. लिवायचा तर माझा लिवा."

मग तिने जावयाला बोटाने जवळ बोलावलं.

"काय नाव रे तुझं, बाबा?"

शेटने फौजदाराकडे पाहिलं. या वेळी फौजदाराने हात वर केला नाही.

"शेरियार."

"शेरियार," तिने म्हणून बघितलं. "आन् तुझ्या आईचं?"

अर्जात बापाचं नाव जागोजागी विचारलं होतं. आईचं कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांत या देशात ते त्याला कोणीच विचारलं नव्हतं, सुंदराने एकदा विचारलं तेवढंच.

"मोरवारीद."

"हाय का ती?"

"माहीत नाय, आई. लढाई लागल्यापासनं पत्र नाय."

फौजदाराने टाक उचलून दौतीत बुडवला. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि गाव."

बाईजाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने आपले पाय सावकाश जवळ घेतले, बाकावर थोडी जागा केली आणि त्या जागेवर हात ठेवला.

"बस हितं," ती म्हणाली. "उभा कशाला ऱ्हातोस?"